आधी ओल, मग आकार

नाशिक

प्रिय मुली,

तुझी रेखाटनं मिळाली. हिमालयात साडेतीन हजार मीटरवर बारा ट्रेकर्ससाठी निवारा हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडून वर जाणारी मुलं वाढताहेत आणि त्यांच्यासाठी उभ्या केलेल्या, दोन-चार हिवाळ्यांत मोडकळीला येणाऱ्या खोल्याही. म्हणून स्पष्टच लिहितो. तुझ्या पानांवर सुंदर आकार आहे, काचेची दर्शनी भिंत आहे, शिखर दिसेल अशी खिडकी आहे. ओल कुठून येणार आणि कुठून बाहेर जाणार, ते मात्र एकाही पानावर नाही.

आपण नाशिककर घर बांधतो ते बाहेरचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पागोळ्या कुठे पडणार यावरच अर्धं घर ठरतं. तिकडे उंचावर पाणी आतून येतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात सुमारे अडीचशे-तीनशे मिलिलिटर पाणी हवेत सोडतो. बारा जणांचं तीन-साडेतीन लिटर झालं. ओले मोजे, बूट आणि स्वयंपाकाची वाफ वेगळीच. ही वाफ थंड पत्र्याला लागली की गोठते आणि सकाळी ऊन आलं की छतातून थेट स्लीपिंग बॅगवर ठिबकू लागते. उष्णतारोधक थरात शिरली तर आणखी वाईट, कारण ओला थर ऊब धरत नाही आणि शेजारचं लाकूड कुजवतो. तेव्हा वाफ अडवणारा पडदा उबेच्या बाजूला, म्हणजे आतून लाव. त्यामागे उष्णतारोधक थर, मग हवा खेळायला फट, आणि सगळ्यात बाहेर पत्रा. हा क्रम उलटा झाला तर बाकीचं कितीही चांगलं असो, ती खोली वाया गेली.

दारात दोन दारांची छोटी पडवी हवी. ओले बूट, काठ्या, बर्फ लागलेले कोट तिथेच राहतील. चूल झोपण्याच्या खोलीत अजिबात नको. बंद जागेत स्टोव्ह पेटला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि थकून झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो मारतो. दमलेला माणूस थंडी लागली की हाताला येईल ती झडप बंद करतो. म्हणून खाली एक आणि वर एक, अशी दोन छिद्रं कोणालाच बंद करता येणार नाहीत अशी ठेव. तू हीटर दाखवला आहेस, त्याची गरज नाही. झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅट ऊब देतो, बारा जण मिळून जवळपास एक किलोवॅट. खोली ठेंगणी कर, झोपायच्या फळ्या दोन मजली कर, भिंती जाड कर. काचेची भिंत गेली तर मला वाईट वाटणार नाही. शिखर बघायला माणसं बाहेर उभी राहतील.

हे सगळं कागदावर पटेल, पण हाताला कळायला हवं. त्यासाठी मनालीपर्यंत जायची गरज नाही. थंडीत निफाडला कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो. तिथल्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराच्या मळ्यात तुझ्या खोलीचा एक खरा कोपरा उभा कर, खऱ्या जाडीच्या भिंतींचा, आणि त्यात चौघं जण झोपा. आतबाहेरचं तापमान आणि आर्द्रता दर तासाला लिही, पहाटे पत्र्यावरून हात फिरव. त्या बागायतदाराला हेही विचार की थंडीचा फटका आधी कुठल्या प्लॉटला बसतो. तो सांगेल, खोलगट जागेतल्या. थंड हवा जड असते, ती उतरून तळाशी साचते. तुझा निवारा तू नाल्याकाठच्या सपाट वाटीत ठेवला आहेस, तो तिथून उचल.

जागेबद्दल आणखी लिहायलाच हवं. हिमकडे बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतात. नकाशावर तेवढे उतार आधी रंगव आणि त्यांच्या खालचा पट्टा सोडून दे. मग तिथल्या गद्दी मेंढपाळांना विचार. बर्फ दरवर्षी कुठे कोसळतो, कुठला झरा सप्टेंबरातही आटत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. झरा जवळ असणं चैनीचं नाही. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात शून्य अंशाचं तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापतं. बर्फ वितळवून जगणारा निवारा म्हणजे इंधनाची कायमची वाहतूक. आणि कुरणात बांधू नकोस. वर्षातले मोजके महिने वाढणारं ते गवत एकदा तुडवलं गेलं की सावरायला फार काळ जातो. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या अशाच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि तिथली पक्की बांधकामं हटवायला सांगितली, ते उगाच नाही. खडकाळ सोंड शोध. तशी जागा मिळाली नाही तर त्या वाटेवर निवारा नको, असं अहवालात लिहायची तयारी ठेव. मी त्या अहवालाला पूर्ण गुण देईन.

आता वजन. स्वित्झर्लंडमध्ये २८८३ मीटरवर २००९ साली मोंटे रोझाचा नवा निवारा झाला. ऊर्जेच्या बाबतीत जवळजवळ स्वावलंबी व्हावा असं त्याचं उद्दिष्ट होतं. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी साठवून वर्षभर वापरायची त्याची योजना नीट अभ्यास. पण त्याचे भाग हेलिकॉप्टरने वर गेले. तुझे खेचरावर जाणार. साठ-सत्तर किलोंचं ओझं, वळणावर कड्याला अडकणार नाही एवढी लांबी. म्हणून दोन मीटरहून लांब एकही तुकडा नको. काँक्रीटचा पाया खोड. सिमेंट, वाळू, पाणी वर न्यायचं, गोठणाऱ्या थंडीत जमवायचं आणि नंतर ते कायमचं तिथेच पडायचं. जाळीत भरलेले तिथलेच दगड आणि खडकात घट्ट बसवलेले बोल्ट पुरतात. बोल्टांवर कंजुषी करू नकोस. ताशी १६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सपाटीवरच्या हवेत चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास येतो. उंचावर हवा विरळ असल्याने तो कमी भरेल. ती सवलत घेऊ नकोस, झोत किती मोठा येईल ते कोणी आधी सांगत नाही. दाबून बसलेलं मीटरभर बर्फ छपरावर चौरस मीटरला तीनशे किलो होऊ शकतं, तेही जोड.

आपल्या गडांवर हा विचार जुना आहे. पाण्याची टाकी खोदली आणि त्यातूनच निघालेला दगड तटाला लावला. साल्हेरला जाशील तेव्हा वरच्या गुहा आणि टाकी मोजून ये. पेठ-सुरगाण्याकडचा कारवीचा कूडही बघ: हलकी काठी, वर शेणमातीचा लेप, मोडला तर गावातलाच माणूस नीट करतो. काश्मीरची धज्जी भिंत, म्हणजे लाकडी चौकटीत दगड-माती, याच जातकुळीची. २००५ च्या भूकंपात ती टिकली आणि नंतरच्या पुनर्बांधणीत तिला मान्यता मिळाली. काठकुणीचा, म्हणजे हिमाचलातल्या लाकूड-दगडाच्या आलटून-पालटून थरांच्या भिंतीचा देखावा मात्र नुसता वरून चिकटवू नकोस. तेवढा देवदार आता कुठून आणणार?

शौचालय तू कोपऱ्यात एका चौकोनात उरकलंस. मला ते पहिल्या पानावर हवं. गोठणाऱ्या थंडीत जिवाणू जवळजवळ थांबतात, त्यामुळे मैदानातला कंपोस्ट खड्डा तिथे नुसता साठत जातो आणि बर्फ वितळलं की झऱ्यात उतरतो. मूत्र वेगळं कर, मैला कोरडा ठेव आणि खाली आण. माणशी रोज पाव किलो धर, बारा माणसं, १२० दिवसांचा हंगाम: ३६० किलो. साठ किलोच्या हिशेबाने सहा खेचरं. शिधा वर पोचवून खेचरं रिकामीच परततात, तेव्हा घट्ट झाकणाचा, खोगिराला बांधता येईल असा डबा हाच तुझा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तो आधी काढ. ते ओझं कोण उतरवणार आणि त्याला किती मजुरी मिळणार, हेही खर्चाच्या तक्त्यात दिसू दे.

सौर पॅनेल उभट लाव म्हणजे बर्फ घसरेल. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तेव्हा तिचा खण झोपायच्या खोलीच्या भिंतीआड ठेव. बाकी विजेचं सोपं आहे, जमेल तुला.

पुढच्या वेळी दर्शनी चित्र पाठवू नकोस. भिंतीचा एक छेद, डब्याचं रेखाटन आणि किती खेचरं वर जाणार, किती भरलेली परत येणार याचा तक्ता पाठव. निफाडच्या मळ्यासाठी मी एका ओळखीच्या बागायतदाराशी बोलून ठेवतो. जाडजूड पांघरूण तेवढं घेऊन ये.

अनेक आशीर्वाद,
सर