विंडोजचं अपडेट अर्ध्यावर अडकतं आणि पीसी परत जुन्यावर येतो. एरर कोडच्या शेवटी ००७० दिसतं, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. काय करू?

एरर कोडच्या शेवटी ००७० आहे म्हणताय, म्हणजे सी ड्राइव्हवर जागाच कमी पडतेय. फॉरमॅट मारायची काही गरज नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

राजारामपुरीत आमच्या घरच्या पीसीला हेच झालेलं. भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ सगळे डेस्कटॉपवर! ते पेनड्राइव्हवर हलवले, मग सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल्स उडवल्या. त्या यादीत 'डाउनलोड्स'वर टिक असली तर आधी काढा, नाहीतर तुमची कागदपत्रंही जातील. वीसेक जीबी मोकळी झाली की परत अपडेट लावा.

तरी अडलंच तर 'सर्व्हिसेस'मध्ये (विंडोजच्या मागं चालणाऱ्या कामांची यादी) विंडोज अपडेट थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशनच्या आतलं डाउनलोड फोल्डर रिकामं करा आणि ती सर्व्हिस पुन्हा चालू करा. अर्धवट उतरलेल्या फाइल्स तिथंच पडून असतात.

बदल मागे घेतोय असं स्क्रीनवर दिसत असताना बटण दाबून बंद करू नका, तासभर लागला तरी. आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाईटचा नेम नाही. यूपीएस नसेल तर ढग बघूनच अपडेटला बसा.