बैठकीचा निरोप मलाच का येत नाही?

प्रश्न : मी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. गेल्या वर्षी परीक्षेच्या कामाचं वाटप सारखं नाही, असं बैठकीत बोलले. तेव्हापासून विभागाच्या बैठका मला झाल्यावर कळतात. मी स्टाफरूममध्ये शिरले की गप्पा थांबतात. कुणी टाकून बोलत नाही, मग तक्रार तरी कशाची करू? मीच फार हळवी आहे का?

उत्तर : नाही. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना संगणकावर चेंडूफेकीचा साधा खेळ खेळायला बसवलं. थोड्या वेळाने बाकीचे 'खेळाडू' त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे होत. अनोळखी लोकांनी काही मिनिटं वगळलं, तेवढ्यानेही माणसं दुखावली. तुम्ही तर रोज त्याच चेहऱ्यांत वावरता.

मी यातून दीड वर्ष गेले आहे. तेव्हा माझी सगळी शक्ती गप्पांत पुन्हा जागा मिळवण्यात गेली. आपणहून बोलायचं, दुसऱ्यांचे तास घ्यायचे. तेवढ्यात नव्या अभ्यासक्रमाची समिती बसली आणि माझा विषय कुणी शिकवायचा, ते माझ्या गैरहजेरीत ठरलं. त्याची हळहळ मला अजून आहे. गप्पांत कुणाला घ्यायचं ही लोकांची मर्जी. बैठकीची सूचना मात्र विभागाने द्यायलाच हवी. आधी तिच्या मागे लागा.

बैठक चुकली की त्याच दिवशी विभागप्रमुखांना ईमेल करा : 'आजच्या बैठकीची सूचना मला मिळाली नाही. कृपया इतिवृत्त पाठवावे.' बस, एवढंच. 'मुद्दाम', 'नेहमीच' हे शब्द नकोत. त्यांवरून वाद रंगतो आणि सूचना बाजूला राहते. वहीत तारीख, विषय, निर्णय आणि तो तुम्हाला कुणाकडून कळला, हे टिपून ठेवा. हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये कामाच्या ठिकाणच्या अशा छळाचा अभ्यास केला. त्यांची कसोटी होती : आठवड्यातून निदान एकदा आणि किमान सहा महिने. एकेक प्रसंग सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटतो, ओळीने लिहिलेले वीस प्रसंग तसे वाटत नाहीत. पुढे प्राचार्यांकडे जावं लागलं, तर ही वही आणि ते ईमेल घेऊन जा.

दुसऱ्या विभागातलं एखादं माणूस जवळ करा. मला वाचवलं ते ग्रंथपालबाईंनी.

आणि परीक्षेच्या कामाचा मुद्दा सोडू नका, तो रास्त आहे. या वेळी तक्ता करा : कुणाकडे किती उत्तरपत्रिका, कुणाला किती दिवस पर्यवेक्षण. ज्यांच्या वाट्याला तुमच्याइतकंच काम येतं, त्यांना तो बैठकीआधी एकेकट्याला दाखवा.