माईची वाटी

प्रिय चिऊ,

तू झोपलीस, तुझी आईही झोपली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला हे लिहितो आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून दोन-तीन बैठकींत सावकाश वाचलेस तरी चालेल.

आज दुपारी, तीन वाजायच्या आतच बाहेर अंधार झाला होता तेव्हा, आपण दोघे तुझ्या वर्गासाठी चॉकलेटच्या ट्रफल करायला बसलो होतो. सुट्टी लागण्याआधी प्रत्येकाने घरी केलेला नाताळचा खाऊ न्यायचा आणि तो आपल्या घरात कुठून आला हे एका चिठ्ठीवर लिहायचे, असे तुमच्या शिक्षिकेने सांगितले आहे. मी खलबत्त्यात वेलची, म्हणजे तुमची कार्डेमुम्मा, कुटत होतो. तू पेन हातात धरून विचारलेस, "बाबा, यात मराठी काय आहे? चॉकलेट तर सगळेच करतात, आणि कार्डेमुम्मा तर स्वीडिश आहे." मी जरा तोडूनच म्हणालो, "वेलची आपली आहे." तू फक्त "बरं" म्हणालीस आणि चिठ्ठी कोरीच ठेवून उठलीस. प्रश्न मला लागला हे खरे, पण माझे उत्तर मला त्याहून जास्त लागले, कारण ते पुरते खरे नव्हते.

तुझे काही चुकलेले नाही. तू चालायला लागलीस तेव्हापासून इथे, स्वीडनमध्ये, बेकरीच्या दारात जो वास येतो तो वेलचीचाच असतो, आणि बन्सच्या कणकेत ही माणसे वेलची इतक्या सढळ हाताने घालतात की माझ्या आईला ते पाहून घाम फुटला असता. आमच्याकडे वेलची एका पितळी डबीत मोजून ठेवलेली असे आणि श्रीखंड, बासुंदी, पुरण किंवा लाडू असले तरच ती डबी उघडे. पण म्हणून ती "आपली" कशी, हे मला संध्याकाळभर सांगता आले नाही. तिची रोपे मूळची सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडची, केरळ आणि कूर्ग या बाजूच्या रानांतली. वसईच्या आमच्या घरात ती वाण्याकडून कागदाच्या पुडीतच येत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती रोपे ग्वाटेमालात गेली आणि आज परदेशी जाणारी वेलची सर्वांत जास्त तिथूनच निघते, तेव्हा आपण दुपारी कुटली ती कदाचित आपला देश न पाहिलेलीच असेल. जायफळ तर इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे, आणि कोको मुळात अमेरिका खंडातला. अशी एकेक वस्तू बाजूला काढत गेलो तर त्या पातेल्यात माझे असे काही उरत नव्हते, आणि तरीही त्याचा वास आला की मी नऊ वर्षांचा होतो. तो नऊ वर्षांचा मुलगा तुला दाखवावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

वसईचे आपले जुने घर तू पाहिले आहेस, पण त्याच्या मागची वाडी तू पाहिलीस तेव्हा तिथे इमारत उभी राहिली होती. माझ्या लहानपणी तिथे केळी होत्या, पानवेली होत्या, आणि त्यांच्या पलीकडे वाडीवरच्या मावशींचे घर होते. त्या ख्रिस्ती होत्या. लाल लुगडे नेसायच्या, घरात कादोडी ही वसईकडची बोली बोलायच्या, आमच्याशी आमच्यासारखे बोलायच्या, आणि त्यांच्या घरची प्रार्थना मराठीत चालायची. वसईच्या किल्ल्यावर तुला मी पोर्तुगीजांविरुद्धची १७३९ सालची लढाई आणि चिमाजीअप्पा सांगितले होते ना? तो धडा आम्ही शाळेत शिकत होतो तेव्हा बाकावर माझ्या शेजारी मावशींचा मुलगाच बसलेला असे, आणि पोर्तुगीज म्हणजे कोणी परके लोक असे आम्हा दोघांनाही सारखेच वाटत असे. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला आहे, हे मला फार उशिरा कळले. तोवर तो मला दिवाळीइतकाच मराठी वाटत होता. २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मी ती बातमी इथे आगगाडीत वाचली आणि मला सर्वांत आधी वाडीवरच्या मावशी आठवल्या.

आमचा आकाशकंदील उतरला की थोड्याच दिवसांत त्यांच्या पडवीत बांबूच्या कामट्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी चढायची. दिवाळीत आमच्याकडून फराळाचे ताट त्यांच्याकडे जायचे आणि नाताळात त्यांच्याकडून विणलेल्या रुमालाखाली झाकलेले ताट आमच्याकडे यायचे. त्यात करंज्या असायच्या, कलकल नावाचे तळलेले गोड शंखपाळे असायचे, नारळ-गुळाचा दोदोल असायचा आणि केकचे चार तुकडे असायचे. केकचे मिश्रण त्या घरी कालवून बेकरीच्या भट्टीत भाजायला देत, कारण ओव्हन त्यांच्याकडेही नव्हता.

आता जे सांगणार आहे ते मी तुला आजवर सांगितले नव्हते. तू माईला, म्हणजे माझ्या आजीला, फक्त दिवाणखान्यातल्या फोटोतून ओळखतेस आणि त्या फोटोत ती फार छान हसते आहे. माई ते ताट दोन्ही हातांनी घ्यायची, मावशींना बसायला सांगायची, चहा द्यायची, आणि त्या गेल्या की ताट तसेच्या तसे ओट्याच्या कडेला ठेवायची. करंज्या आम्हा मुलांना मिळत. केक भांडी घासायला येणाऱ्या बाईंना जाई. स्वतः ती त्यातले काही तोंडात घालत नसे. केकमध्ये अंडे असते, रम असते, असे ती सांगे, पण करंजीत यांतले काहीच नसते हे तिलाही माहीत होते. तिचे वागणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. ती लहानपणापासून सोवळ्याओवळ्याच्या स्वयंपाकघरात वाढली, आणि तरीही मावशींची मुलगी तापाने फणफणली तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी बसली ती माईच. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या एकमेकींत कशा बसवायच्या हे मला अजून जमलेले नाही.

१९८६ च्या नाताळात ताटासोबत एक वेगळी वाटी आली. मावशींनी ती माईच्या हातात न देता माझ्या हातात दिली. वाटीत लिंबाएवढे सहा गोळे होते, मातकट रंगाचे, वरून कोकोची पूड लावलेले. मारी बिस्किटांचा पाट्यावर केलेला चुरा, कोको, पिठीसाखर, लोणी आणि थोडे दूध, एवढाच तो प्रकार. भट्टी लागत नाही, विस्तव लागत नाही, कालवायचे आणि वळायचे. मावशी म्हणाल्या, "हे माईंसाठी निराळे केलेत. अंडं नाही, रमचा थेंब नाही. नव्या पातेल्यात कालवलेत. आणि वेलची-जायफळ घातलंय, तुमच्या लाडवात असतं तसं."

नव्या पातेल्यात, हे शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेले. आज दुपारी वेलची कुटताना तेच मला आठवत होते. माईच्या हातून ताट कुठे जाते हे त्यांना इतकी वर्षे ठाऊक होते, आणि ते मनात न धरता त्यांनी नवे पातेले काढले होते.

माईने वाटी घेतली आणि फडताळात वर ठेवली. आम्हाला त्यातला एकही गोळा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून ओट्यावर होती आणि माई रवा भाजत बसली होती. शेजाऱ्यांचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा आपल्याकडचा रिवाज तुला माहीत आहे. एरवी मावशींच्या ताटात परत जाताना साखरच असे. त्या दिवशी माईने वाटीत रव्याचे पाच लाडू भरले, वाटी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "त्यांना सांग, जायफळ अंमळ जास्त झालंय."

मी पानवेलींमधून पळत गेलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. मावशी थोडा वेळ नुसत्याच माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या, आणि आत तोंड करून मुलीला ओरडून म्हणाल्या, "माईंनी खाल्ला बघ!"

खाल्ला का, हे मात्र मी सांगू शकत नाही. जायफळ जास्त झाले आहे हे नुसत्या वासावरूनही कळते, आणि माईचे नाक तर असे होते की परसात उभी राहून ती दूध उतू गेल्याचे सांगे. मी माझ्या आईला विचारले होते, ती म्हणाली, "उगाच चौकशा करू नकोस." पुढच्या वर्षी वाटी पुन्हा आली, त्यात जायफळ कमी होते हे मला झाकण काढताच कळले, आणि वाटी पुन्हा रिकामी होऊन ओट्यावर आली. माई गेली तोवर दर वर्षी असेच चालले. तिला खाताना मी एकदाही पाहिले नाही.

मी इथे आलो तेव्हा, २००९ च्या पहिल्या नाताळात, कचेरीतल्या एका सहकाऱ्याने घरच्या ट्रफलचा डबा आणला होता. इथे नाताळचा गोड खाऊ घरी करण्याची रीतच आहे, आणि त्यात भट्टीत न जाणारे कितीतरी प्रकार असतात हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. कोकोत घोळवलेला तो मातकट गोळा पाहून मी कृती विचारून घेतली. पहिल्या खेपेला ती पार बिघडली. आपल्याकडे लाडू फुटू लागला की आई दुधाचा हबका मारते, तसा मी वितळलेल्या चॉकलेटवर मारला, आणि ते क्षणात आकसून वाळूसारखे दाणेदार झाले. वितळलेल्या चॉकलेटला ओलाव्याचे दोन थेंबही सोसत नाहीत, आणि गंमत म्हणजे पुरेशी गरम साय एकदम ओतली तर तेच चॉकलेट तुळतुळीत होते. म्हणूनच आपण दोनशे ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून त्यावर शंभर मिलिलिटर साय ओततो, दोन मिनिटे हात लावत नाही, आणि मग मधोमध ढवळायला सुरुवात करून हळूहळू कडेला येतो. वेलची, दालचिनी आणि जायफळ सायीतच घालून ती कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवायची, कारण स्निग्धांशात मसाल्याचा वास चांगला उतरतो. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, बासुंदीवरून सुचली.

हाताचे मात्र अगदी उलटे आहे. बेसनाचा लाडू कोमट असतानाच वळावा लागतो, आणि माझ्या आईचे तळवे त्यासाठी प्रसिद्ध होते, कायम उबदार. चॉकलेटमधली चरबी अंगाच्या उष्णतेच्या जरा खालीच, चौतीस अंशांच्या आसपास, वितळते, म्हणून तिचे ते हात इथे काही कामाचे नसते ठरले. तुझे हात तुझ्या जन्मगावचे आहेत, गार. दुपारी तू जी पहिली ट्रफल वळून दाखवलीस ती माझ्या दहांपेक्षा गोल होती. पण वळताना तू तीन बोटे मिटून अंगठ्याने गोळा फिरवत होतीस, आणि ते मी तुला शिकवलेले नाही. मागच्या दिवाळीत आजीने तुझ्यासमोर लाडू वळले होते, तेव्हा तू मोबाइलवर खेळत होतीस असे मला वाटले होते.

चिठ्ठीवर काय लिहायचे ते तू ठरव. मराठी पदार्थ असे लिहावे असा माझा हट्ट नाही, आणि खरे सांगायचे तर तसे लिहिले तर मलाच अवघड वाटेल, कारण ही कृती निम्मी माझ्या सहकाऱ्याची आणि निम्मी वाडीवरच्या मावशींची आहे, आणि त्यात माईचे फक्त "जायफळ अंमळ जास्त झालंय" एवढेच आहे. स्वीडिश लिहिलेस तरी मला राग येणार नाही. वर्गात ही सगळी हकिकत सांगावीस असेही मी म्हणत नाही. माईबद्दल परक्यांनी काही बोललेले मला कदाचित सोसणार नाही, आणि तुला उत्तर देताना अवघड जाईल. मला फक्त तुला ती माहीत असावी असे वाटले. दुपारी मी तीन शब्दांत तुझे तोंड बंद केले, त्याबद्दल मात्र मनापासून माफ कर.

मिश्रण मी झाकून बाल्कनीत ठेवले आहे, सकाळपर्यंत घट्ट होईल. उठलीस की हात गार पाण्याने धू आणि अगदी कोरडे पूस, मग आपण उरलेल्या वळू. जायफळ मी या वेळी निम्मेच किसले आहे. खालच्या मजल्यावरच्या आजींसाठी सहा ट्रफल निळ्या वाटीत वेगळ्या काढायच्या आहेत, त्यांना दालचिनी चालत नाही म्हणून त्यांच्या पुरते मिश्रण मी दुसऱ्या भांड्यात केले आहे. ती वाटी तू नेऊन दे.

तुझा,
बाबा