सही करण्याआधी कलम 7 वाच

प्रिय डॉक्टर,

हॉस्पिटलने तुला दिलेल्या कराराचा मसुदा वाचला. आकडा चांगला आहे, पण तो येणार कुठून ते आधी बघ.

मिनिमम गॅरंटी, म्हणजे काम कितीही झालं तरी मिळणारी ठरलेली रक्कम, बारा महिन्यांची. त्यानंतर फी-फॉर-सर्व्हिस, म्हणजे जेवढं काम तेवढे पैसे. कलम 7 मध्ये 'परफॉर्मन्स रिव्ह्यू' असं मोघम लिहिलंय. त्यात काय मोजणार, हे लेखी माग. बहुधा दर महिन्याचा तक्ता असतो: ओपीडीत किती आले, त्यातले ॲडमिट किती, सर्जरीला 'कन्व्हर्ट' किती. जखमेत पू किती जणांना झाला, परत ऑपरेशन थिएटरमध्ये किती जणांना घ्यावं लागलं, 30 दिवसांत पुन्हा किती भरती झाले, हे रकाने त्यात घालायला लाव.

पैशाने निर्णय सहसा उघडपणे फिरत नाही, हळूच सरकतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसतात, त्रास काहीच नाही. अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. गॅरंटी संपत आली की मात्र याच पेशंटसाठी 'काढून टाकूया' तोंडात येतं. दुर्बिणीच्या या ऑपरेशनमध्ये हजारी तीन ते पाच जणांच्या पित्तनलिकेला इजा होते. वारंवार कळा येणाऱ्याला हा धोका पत्करायला सांगता येतो, याला कशासाठी? म्हणून ऑपरेशनचं कारण केसपेपरवर आधी लिही, तारीख-वेळेसह. लिहिताना पेन अडखळलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घे, तेही दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या.

आता कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचं कमिशन. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतलं कलम 6.4 असं कमिशन देणं आणि घेणं, दोन्हीला मनाई करतं. पण मेडिकल कौन्सिलचा हात डॉक्टरपर्यंतच पोचतो, हॉस्पिटलच्या मार्केटिंगवाल्यापर्यंत नाही. महाराष्ट्रात 2017 मध्ये कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला, तो मसुदाच राहिला. तुझ्या फीतून 'रेफरल ॲडजस्टमेंट' वजा होणार असेल, तर कट देणारे हात तुझेच. ते कलम काढायला लाव.

कटाने फक्त बिल फुगतं असं समजू नकोस. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आधी सीटी करून. टक्का देणाऱ्या हॉस्पिटलसाठी ॲम्ब्युलन्स जवळचं सीटीवालं हॉस्पिटल ओलांडून पुढे गेली, की ते तास रस्त्यातच जातात.

दोन वर्षं ठरावीक पगार मागून बघ, रक्कम थोडी कमी पडली तरी. कलम 11 मध्ये नोटीस त्यांच्याकडून एक महिना, तुझ्याकडून तीन. ती सारखी करून घे. कलम 7 आणि 11 वर पेन्सिलने खुणा केल्यात, वकिलाला तेवढं दाखव.