वजन आणि मधुमेह खरा सांगितला म्हणून आरोग्य विमा नाकारला, आता काय?

प्रश्न : माझे वय ४४, उंची ५ फूट २ इंच, वजन ९६ किलो. पाच वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रक्तदाबाचीही एक गोळी आहे. पती, मी आणि दोन मुले अशा चौघांसाठी १० लाखांच्या फॅमिली फ्लोटरचा (चौघांत मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीचा) अर्ज केला. सगळे खरे भरले. फोनवर मुलाखत झाली, तपासण्या झाल्या आणि 'आपला प्रस्ताव आमच्या निकषांत बसत नाही' एवढा एका ओळीचा ई-मेल आला. पैसे परत मिळाले. एजंट म्हणतो, दुसऱ्या कंपनीत वजन ७८ टाकू, मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' लिहू, पाच वर्षे गेली की कोणी विचारत नाही. सध्या पतींच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आम्ही चौघे सात वर्षांपासून आहोत. पण तीन महिन्यांनी ते नोकरी सोडत आहेत. कंपनीला असे नाकारता येते का? ग्राहक न्यायालयात जाऊ का?

उत्तर : सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : सात वर्षांचा सामूहिक विमा. नकाराविरुद्ध भांडायला पुढेही वेळ मिळेल. पण हा विमा तुमच्या हातात फक्त तीन महिने आहे. म्हणून आधी त्याचे बघू.

सामूहिक विम्यातून बाहेर पडणाऱ्या सदस्याला आणि त्याच्यासोबत विमा असलेल्या कुटुंबीयांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत जाण्याची सोय आहे. तिला मायग्रेशन म्हणतात. दुसऱ्या कंपनीत जाणे म्हणजे पोर्टिंग; ते वेगळे. मायग्रेशनमध्येही कंपनी तुमची जोखीम तपासू शकते, जादा हप्ता मागू शकते, त्यामुळे होकाराची हमी नाही. तरी फायदा मोठा आहे. नव्या ग्राहकाला पूर्वीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ (त्या आजाराचा क्लेम मिळत नाही असा काळ) लागू शकतो. तुम्ही सात वर्षे अखंड विम्यात आहात, त्यामुळे त्या काळाचे श्रेय जुन्या विमा रकमेपुरते पुढे येते. सामूहिक विमा ५ लाखांचा असेल आणि नवा १० लाखांचा घेतला, तर श्रेय पहिल्या ५ लाखांना. वरच्या ५ लाखांना प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होईल. शिवाय तुमच्या क्लेमचा इतिहास त्या कंपनीकडे आधीच आहे. अनोळखी अर्जदाराला एका ओळीत नाकारणे सोपे असते, सात वर्षांच्या सदस्याला तितके नाही.

यात गफलत होते ती तारखेची. बहुतेक सामूहिक पॉलिसींत कर्मचाऱ्याचे नाव कामाच्या शेवटच्या दिवशी कमी होते आणि त्याच दिवशी कुटुंबाचा विमाही संपतो. लोक नोकरी सोडतात, महिनाभराने विम्याकडे वळतात आणि तोवर सलगता तुटलेली असते. पतींनी राजीनामा देताच मनुष्यबळ विभागाकडून पत्र घ्यावे. त्यात पॉलिसी क्रमांक, चौघांची नावे, प्रत्येकाचा विम्यात येण्याचा दिनांक, विमा रक्कम आणि विमा कधी संपणार तो दिनांक असावा. सातही वर्षांची पॉलिसी प्रमाणपत्रे किंवा ई-कार्डे काढून ठेवा. मधल्या काळात विमा कंपनी बदलली असेल तर ते पत्रात लिहून घ्या, नाहीतर तुमची सात वर्षे कागदावर दोनच दिसतील. मायग्रेशनचा अर्ज शेवटच्या दिवसाच्या निदान दीड महिना आधी, ई-मेलने करा.

आता नकार. खरे सांगायचे तर कंपनीला प्रस्ताव नाकारता येतो. विमा हा करार आहे आणि करारात यायचे की नाही हे दोन्ही बाजू ठरवतात. २०२४ च्या आरोग्य विमा परिपत्रकात विमा नियामक प्राधिकरणाने (इर्डा) कंपन्यांना सांगितले की सर्व वयोगटांसाठी आणि पूर्वीपासून आजार असलेल्यांसाठीही योजना उपलब्ध असल्या पाहिजेत. त्यावरून 'आता कोणालाच नाकारता येत नाही' असा समज पसरला. तो चुकीचा आहे. योजना ठेवणे बंधनकारक असणे आणि प्रत्येक अर्ज स्वीकारणे बंधनकारक असणे यांत फरक आहे.

पण नाकारणे मनमानी असता कामा नये. कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले जोखीम-निवडीचे धोरण असते, त्यानुसारच निर्णय हवा. आणि नकार लेखी, कारणासह कळवायला हवा. 'निकषांत बसत नाही' हे कारण नव्हे. तेव्हा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला असे लिहा : 'माझा प्रस्ताव क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी नाकारण्यात आला. नकाराचे नेमके वैद्यकीय कारण, ज्या निकषावर नाकारला तो निकष, माझ्या सर्व तपासणी अहवालांच्या व फोनवरील मुलाखतीच्या नोंदीच्या प्रती द्याव्यात. हा कायमचा नकार आहे की काही काळापुरता, हे स्पष्ट करावे. जादा हप्त्यावर विमा देण्याचा पर्याय विचारात घेतला होता का, हेही कळवावे.' उत्तरासाठी १४ दिवसांची मुदत धरा. नाही आले तर इर्डाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

हे पत्र म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे, त्यातून खरोखर काहीतरी हाती लागते. तुमच्या आकड्यांत ५ फूट २ इंच म्हणजे सुमारे १५७.५ सेंटिमीटर, आणि ९६ किलोला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) येतो ३८.७. कोणी हीच उंची '५.०२ फूट' अशी भरली, तर ती १५३ सेंटिमीटर होते आणि बीएमआय ४१ च्या वर जातो. ४० चा आकडा ओलांडला की पुष्कळ ठिकाणी प्रस्ताव थेट बाद होतो. म्हणून अहवालातली उंची पहिल्यांदा तपासा. दुसरे, एचबीए१सी. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते. ती वाढलेली असेल तर कंपनी पुष्कळदा निर्णय तीन-सहा महिने पुढे ढकलते, आणि ई-मेलची भाषा मात्र नकाराची असते. ढकललेला प्रस्ताव आणि नाकारलेला प्रस्ताव यांत पुढच्या अर्जाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कारण पुढच्या प्रत्येक प्रस्ताव अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो : 'याआधी आपला विमा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर स्वीकारला गेला आहे का?' तिथे 'होय' लिहून नकाराचे पत्र जोडा. आणि रागाच्या भरात एकदम चार-पाच कंपन्यांत अर्ज टाकू नका. एकीचे उत्तर यायच्या आत दुसरीही नाकारते, आणि तुमच्या नावावर नकारांची माळ तयार होते.

एजंटचा सल्ला मात्र तुम्ही मुळीच ऐकू नका. तो ज्या पाच वर्षांबद्दल बोलतो तो ६० महिन्यांचा मोरॅटोरियम. विमा सलग ६० महिने चालू राहिला की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. नियमातला पुढचा भाग तो सांगत नाही : सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद आहे. पाच वर्षे औषध घेणाऱ्या माणसाने 'मधुमेह नाही' लिहिणे ही विसरभोळेपणाची चूक ठरणे कठीण. आणि पहिली पाच वर्षे तर कोणतेच कवच नाही. आजारपण त्यासाठी थांबत नाही.

हे उघडकीला येते कसे? रुग्णालयात दाखल होताच निवासी डॉक्टर केस पेपरवर लिहितात : 'के/सी/ओ डीएम, पाच वर्षे'. म्हणजे पाच वर्षांपासून मधुमेहाचा ज्ञात रुग्ण. ही माहिती तुम्ही किंवा नातेवाइकांनीच दिलेली असते, आणि ती द्यायलाच हवी, नाहीतर उपचार चुकतील. तोच कागद क्लेमसोबत जातो. मग क्लेम नाकारला जातो, पॉलिसी रद्द होते आणि नूतनीकरणही नाकारता येते.

मधुमेहाचीच दोन प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली, ती शेजारी ठेवून वाचा. सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स या २००९ च्या निकालात विमाधारकाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितला नव्हता. क्लेम नाकारणे योग्य ठरले. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात अर्जदाराने मधुमेह सांगितला होता, परदेशात हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने पूर्वीच्या आजाराकडे बोट दाखवले. न्यायालयाने म्हटले, आजार माहीत असताना पॉलिसी दिली, आता त्याच आजाराच्या नावाने हात झटकता येणार नाहीत. तुम्ही जे खरे भरले, ते पुढे तुमच्याच बाजूने उभे राहते.

'अर्ज एजंटने भरला' ही सबबही सहसा चालत नाही, कारण सही किंवा ओटीपी तुमचा असतो. पॉलिसी मिळाली की सोबतची प्रस्ताव अर्जाची प्रत ओळ न् ओळ वाचा. ३० दिवसांचा फ्री-लुक काळ असतो. त्यात चूक लेखी कळवा किंवा पॉलिसी परत करा.

ग्राहक आयोगाबद्दल, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक न्यायालयाबद्दल. इथे माझे मत स्पष्ट आहे : केवळ प्रस्ताव नाकारला म्हणून आज खटला भरू नका. आयोग कंपनीला 'हिला विमा द्या' असा आदेश देईल ही आशा फार थोडी, आणि तुमचे तीन महिने त्यात जातील. आधी कंपनीकडे तक्रार करून ३० दिवस थांबल्यावर, एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जाता येते. खर्च नाही, वकील नेता येत नाही, महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुण्यात कार्यालये आहेत. पण लोकपालांचे खरे बळ क्लेम नाकारणे, हप्ता घेऊनही पॉलिसी न देणे, अर्जात एक आणि पॉलिसीत भलतेच, नियमांचा भंग, अशा तक्रारींत आहे. तुमचे मायग्रेशन कारण न देता अडवले किंवा सात वर्षांचे श्रेय नाकारले, तर मात्र तिथे नक्की जा. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

सरकारी विमा कंपनीने नूतनीकरण अडवले तर गोष्ट वेगळी होते. बिमन कृष्ण बोस प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कंपनीने मनमानीने नाकारलेले मेडिक्लेमचे नूतनीकरण करून द्यायला लावले. सरकारी कंपनीवर राज्यघटनेचे बंधन असते. म्हणून तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. खासगी कंपनीविरुद्ध तो मार्ग फार अरुंद आहे.

मायग्रेशन झाले नाही तर? पती आणि मुलांचा फ्लोटर वेगळा घ्या. एकीच्या नकारामुळे चौघे उघड्यावर नकोत. तुमच्यासाठी मधुमेहींकरिता असलेल्या योजना पाहा, आणि पुष्कळ विमा कंपन्यांकडे असलेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसीही. जादा हप्ता मागितला तर तो मान्य करण्याआधी लेखी विचारा की तो कशासाठी, किती टक्के. कंपनीने 'मधुमेह कायमचा वगळू' अशी अट घातली, तर सही करू नका. कायमचे वगळता येतील अशा आजारांची यादी इर्डाने २०१९ मध्ये दिली, तीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांपैकी काहीही नव्हते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे कलम मात्र वेगळे आहे : अपवाद क्रमांक ६. बीएमआय ४० किंवा जास्त असेल, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, साधे उपाय निष्फळ ठरले असतील आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तरच ती शस्त्रक्रिया विम्यात येते. पुढे कधी हा विचार केलात तर आहारतज्ज्ञांचे व डॉक्टरांचे जुने कागद आतापासून जपून ठेवा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची पात्रताही तुमच्या शिधापत्रिकेवर तपासून घ्या. अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि तिथे तुमचे वजन किंवा मधुमेह कोणी विचारणार नाही. पतींच्या राजीनाम्याची तारीख अजून पक्की झाली नसेल, तर ती मायग्रेशनचे उत्तर येईपर्यंत पुढे नेता येते का, हे आजच घरी बोला.