कोरोनातले दोन हजार आले, मग हप्ता का थांबला?

तुम्ही विचारलंय की एप्रिल 2020 मध्ये वडिलांच्या खात्यावर 'कोरोनाचे' 2000 रुपये आले, पुढचे काही हप्तेही मिळाले आणि मग बंद झाले. कोरोनाची मदत संपली म्हणून का? नाही. ते वेगळं अनुदान नव्हतंच. पीएम किसानच्या वर्षाच्या 6000 मधला नेहमीचा हप्ताच 26 मार्च 2020 ला जाहीर झालेल्या गरीब कल्याण पॅकेजमध्ये लवकर सोडला होता. बायकांच्या जनधन खात्यावर तीन महिने 500 आले, ते मात्र वेगळे. त्यामुळे 'योजना संपली' म्हणून गप्प बसू नका.

आधी पीएम किसानच्या साइटवर 'नो युवर स्टेटस' उघडा. नोंदणी क्रमांक नसेल तर तिथेच आधार किंवा मोबाईल नंबरवरून मिळतो. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) आणि आधार बँक सीडिंग (आधार बँक खात्याला जोडणं), या तिन्हींपुढे 'यस' हवं.

ई-केवायसी सोपं आहे. ओटीपी येत नसेल तर सेवा केंद्रात अंगठा द्यायचा. ऊस तोडून, भांगलून बोटं झिजलेल्या वयस्क माणसांचा अंगठा बऱ्याचदा लागत नाही. तेव्हा पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून होतं.

बँकेत जास्त घोळ असतो. पासबुक जिल्हा बँकेचं, विकास सोसायटीचं कर्जही तिथलंच, म्हणून पैसे तिथेच येतील असं धरून चालू नका. आधारवरून पाठवलेले पैसे, आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलंय तिथे जातात. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये त्या बँकेचं नाव दिसतं. कित्येकदा हप्ता थांबलेला नसतोच, विसरलेल्या खात्यात साठत असतो.

लँड सीडिंगपुढे 'नो' असेल तर सातबारा, 8अ, फेरफार आणि आधारची झेरॉक्स घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा, अर्जाची पोच घ्या. फेरफार विसरू नका. जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर आली हे त्यावरूनच कळतं. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेली जमीन चालत नाही; खातेदार वारल्यामुळे झालेली वारस नोंद चालते. आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे 'ए.कु.मॅ.'. आजोबा गेल्यावर थोरल्याचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागतं, धाकटे भाऊ वर्षानुवर्षं तीच जमीन कसतात, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही म्हणून हप्ताही नाही. तलाठ्याकडे शेरा कमी करायचा अर्ज द्या आणि आजोबांच्या वारसाचा जुना फेरफार जोडा, म्हणजे हक्क जुना आहे हे दिसेल.

मुलगा पुण्यात नोकरी करून टॅक्स भरतो म्हणून वडील अपात्र, हे चूक आहे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 18 वर्षांखालची मुलं. आईवडिलांपैकी कुणी टॅक्स भरत असेल किंवा महिन्याला 10,000 किंवा त्याहून जास्त पेन्शन घेत असेल तर अडचण (चतुर्थ श्रेणीची पेन्शन यात धरत नाहीत). तसं असेल तर आधीच कळवा, नाहीतर घेतलेले हप्ते वसूल होतात.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे पैसेही पीएम किसानच्या यादीवरूनच येतात, त्यामुळे एक अडकलं की दोन्ही अडकतात. हेल्पलाइन 155261, फोन लावताना नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा.