छंद म्हणून ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपचं प्रोग्रामिंग करायचंय, पाच हजारांच्या आत कंपायलर कोणता घ्यावा?

पाच हजार आणि लिहिलेला कोड चिपच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरवर? खिशात ठेवा. एसडीसीसी हा फुकटचा कंपायलर उतरवून घ्या आणि पैसे घालायचेच तर प्रोग्रामर (कोड चिपमध्ये भरायचं यंत्र), बरा मल्टीमीटर आणि चार जास्तीच्या चिपांवर घाला, कारण त्या जळणार आहेत. एरवी मी उत्तर दिलं नसतं, पण याच विषयावरून माझं नि दाजींचं वर्षभर वाजलंय.

झालं असं, गावी विहिरीवर मोटर. थ्री फेज लाइट रात्रीची यायची, ऑटो बसवलेला त्यामुळे मोटर आपोआप चालू व्हायची, पण बंद करायला आण्णांना रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात जावं लागायचं. म्हटलं टायमर करू. पुण्याच्या तपकीर गल्लीतनं ८९एस५२ (८०५१ च्याच घराण्यातली चिप), सोळा बाय दोनचा एलसीडी, रिले असं सगळं आणलं आणि कोड कील या विकतच्या कंपायलरच्या फुकट इव्हॅल्युएशन आवृत्तीत लिहायला घेतला, कारण कॉलेजात तेच हाताखालून गेलेलं. ती २ केबीच्या पुढचा कोड लिंक करत नाही हे कंपनीने सरळ लिहून ठेवलंय, मीच वाचलं नव्हतं, आणि एलईडी लुकलुकवेपर्यंत कुणाला कळतंय! उरलेली मिनिटं दाखवायला स्प्रिंटएफ हे आकडे अक्षरांत बदलणारं फंक्शन घातलं आणि आलाच एल२५०, म्हणजे मर्यादा ओलांडल्याचा, एरर. चिपमध्ये जागा ८ केबी आणि मी दोनवर अडकलेलो.

दाजी आयटीत. म्हणाले, "अरे क्रॅक मार, सगळे मारतात. फुकटचा कंपायलर म्हणजे पोरांचं खेळणं, त्यावर मोटर चालवणारेस का?" आणि पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्या पेनड्राइव्हने लॅपटॉपचं काय केलं ते सांगत बसत नाही, विंडोज परत टाकावं लागलं एवढंच.

मग एसडीसीसी घेतला. संदीप दत्ता यांनी लिहायला सुरुवात केलेला, १९९९ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत. कीलचा कोड तसाच्या तसा चालत नाही, एसबिट आणि इंटरप्ट या शब्दांच्या पुढे दोन अंडरस्कोर लावावे लागतात, हेडर वेगळं, पण ते एका संध्याकाळचं काम. चिपमध्ये टाकला तर एलसीडीच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन! दोन रात्री वायरी तपासल्या, एलसीडी बदलला, आणि फोनवर दाजी, "सांगितलं होतं ना". घोळ कंपायलरचा नव्हताच. डिले मी रिकाम्या फॉर लूपने केलेला, आकडे कीलवर अंदाजाने जुळवलेले, तोच लूप दुसऱ्या कंपायलरने वेगळ्या इन्स्ट्रक्शनमध्ये बसवला की वेळ बदलणारच, आणि एलसीडीला चालू झाल्यावर थोडा दम खाऊ द्यावा लागतो तो मिळत नव्हता. मग लूप काढून चिपमधलाच टायमर झीरो वापरला: ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल भागिले १२, म्हणजे एका मिलिसेकंदाला ९२२ काउंट, टायमरमध्ये ६५५३६ वजा ९२२, हेक्समध्ये एफसी६६, भरायचं. लगेच अक्षरं उमटली. पहिल्या रात्री आण्णा तरीही दोनला उठून बघून आलेच.

म्हणून जो कोणी म्हणतो की पैसे मोजल्याशिवाय सिरियस काम होत नाही, त्याने स्वतःचा लूप आधी तपासावा.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, कीलचा सिम्युलेटर-डीबगर खरंच चांगला आहे, रजिस्टरं डोळ्यासमोर बदलताना दिसतात, त्यामुळे २ केबीत भागतंय तोवर शिकायला तो वापरा, त्यात कमीपणा नाही. एसडीसीसीत ८०५१ साठी टक्का-एफने दशांश छापायला गेलात तर आकड्याच्या जागी 'नो फ्लोट' असं येतं, घाबरू नका, पूर्णांकात हिशोब करा. दुसरं, कॉलेजची सक्ती नसेल तर मुळात ८०५१ च का? एव्हीआर चिपवाला अर्डुइनो घ्या, त्याच्या सॉफ्टवेअरच्या आत एव्हीआर-जीसीसी हाच कंपायलर आहे, तोही फुकट. चिप घ्यायचीच झाली तर ८९सी५१ गळ्यात मारून घेऊ नका, एस असलेलीच मागा, सी वाली दर वेळी सर्किटमधून काढून प्रोग्रामरवर चढवावी लागते.

आणि हो, दाजींनी गेल्या दिवाळीत त्यांच्या सोसायटीच्या टाकीसाठी तोच टायमर मागितला. मी सोर्स कोड पाठवला, चिपमध्ये थेट भरायची तयार हेक्स फाइल नाही. कंपायलर त्यांचा त्यांनी टाकायचा.